उसने दाणे

थिएटरांतून रिळं नुकती हद्दपार झाली होती, तेव्हाची गोष्ट. संध्याकाळच्या माहितीपटात जुनं रीळ आणि नवं डिजिटल चित्रण एकापाठोपाठ दिसणार होतं.

“मी फार गुळगुळीत. तुझ्याशेजारी उघडं पडेन,” चित्रण घाबरून म्हणालं. “तुझ्यावर फिल्मचे बारीक दाणे थरथरतात ना, तेवढे दे.”

“ने,” रीळ म्हणालं. “पण दर फ्रेमला दाणे नवे असतात, म्हणून ते थरथरतात. एकेक फ्रेम घेऊन बसावं लागेल.”

“वेळ कुठाय?” चित्रणानं एकाच फ्रेमचे दाणे ओरबाडले आणि सगळ्या अंगाला फासले.

खेळ सुरू झाला. चित्रणाची पाळी आली; पडद्यावर कुंभाराचं चाक गरगरलं. पण उसने दाणे जागचे हलेनात. कुजबुज वाढली. पहिल्या रांगेतल्या तारामावशी उठल्या.

“अगं बाई, केवढी धूळ ही!” म्हणत त्या पदरानं पडदा पुसू लागल्या.

पदराला काहीच लागलं नाही.