बुरडाच्या तीन चटया

ही गोष्ट फार जुनी आहे, मुलांनो. ऐकायला बसताना आजी-आजोबांनाही जवळ बोलवा, कारण ती त्यांचीही आहे.

एका डोंगराच्या अलीकडे एक गाव होतं आणि पलीकडे दुसरं राज्य होतं. वारा दोन्हीकडे एकच वाहायचा, भाषा मात्र वेगळी होती. घाटातून नवी वाट निघाली, पलीकडचे व्यापारी येऊ लागले, आणि गावाला वाटलं, आपल्यालाही त्यांचं बोलणं यायला हवं. लग्न होऊन पलीकडून आलेल्या एका बाईंनी शिकवायचं कबूल केलं. धर्मशाळेच्या पडवीत शाळा भरू लागली.

शिकायला आलेल्यांत एक म्हातारा बुरूड होता. टोपल्या विणता विणता त्याचे केस पांढरे झाले होते. त्याला व्यापार करायचा नव्हता. त्याची एकुलती एक लेक पलीकडे दिली होती, ती तापाने गेली. मागे तिची लहानगी पोर एकटीच राहिली. पावसाळा सरून घाट मोकळा झाला की ती कायमची आजोबांकडे येणार होती, आणि तिला फक्त पलीकडची भाषा येत होती.

"तिच्याशी बोलता आलं पाहिजे," एवढंच तो बाईंना म्हणाला होता.

सुरुवातीला सगळे एकत्र बसत. बाईंचा प्रश्न पुरा होण्याआधीच सोनाराची चुणचुणीत मुलगी उत्तर देऊन मोकळी होई, आणि मोठी माणसं उघडलेलं तोंड मिटून घेत. बाईंना त्यांची दया आली. त्यांनी बुरडाकडून तीन चटया विणून घेतल्या. भरभर शिकणारे पुढच्या चटईवर, बेताचे मधल्या, अडखळणारे मागच्या. बुरडाने तिन्ही सारख्याच मन लावून विणल्या आणि स्वतः मागचीवर जाऊन बसला.

खरं सांगायचं तर फायदा झाला. मागच्या चटईवर कुणी कुणाला हसत नव्हतं. आजवर तोंड न उघडलेली लोहारीणकाकूसुद्धा खणखणीत आवाजात पलीकडच्या भाषेत "पाणी" म्हणू लागली.

पण दिवस गेले, तरी चटईवरची माणसं काही बदलली नाहीत. पुढे गोष्टी चालत, गाणी चालत, एकमेकांना विचारणं-सांगणं चाले. मागे मात्र नुसती नावं. मीठ, चूल, खिडकी, उशी, हात, पाय, मांडी.

"आपली चटई म्हणजे वाण्याचं दुकान झालंय, बुरूडदादा," लोहारीणकाकू म्हणाली. "मीठ घ्या, मिरची घ्या, आणि गुपचूप घरी जा!"

बुरूडही हसला. पण एकदा पुढे पाहुण्याला त्याच्या घराविषयी कसं विचारायचं ते चाललं होतं, तेव्हा तो नकळत पुढे सरकला.

"आजोबा, हे तुमच्या चटईचं नाही," सोनाराची मुलगी म्हणाली. ती काही उद्धट नव्हती. रोज जे दिसत होतं, तेच तिने सांगितलं.

वर्ग सुटल्यावर तो बाईंजवळ गेला. "बाई, पोरीला तिच्या आईचं काही सांगायचंय. तेवढं बोलायला शिकवा."

"शिकवीन हो, आजोबा. आधी नावं पक्की होऊ द्या."

"बरं," तो म्हणाला, आणि घरी जाऊन नावं घोकू लागला.

घाट मोकळा झाला आणि पोर आली. आजोबांनी तांब्या पुढे करून "पाणी" म्हटलं, ती प्याली. "भात" म्हटलं, ती जेवली. "उशी" म्हटलं, तिने उशी छातीशी धरली आणि काहीतरी विचारलं. त्याला कळलं नाही. तिने पुन्हा विचारलं.

"पाणी?" तो म्हणाला.

पोर भिंतीकडे तोंड करून रडू लागली.

दुसऱ्या दिवशी तो तिला शाळेत घेऊन आला. उशी तिने सोडली नव्हती. मागच्या चटईवर बसून तिने तेच बाईंना विचारलं. बाईंचा चेहरा उतरला.

"काय म्हणते ती?" बुरडाने विचारलं.

"म्हणते, माझी आई आजोबांच्या घरात कुठे निजायची?"

बुरूड हळूच म्हणाला, "खिडकीपाशी. माझ्या मांडीवर डोकं ठेवून. विणायचा आवाज थांबला की जागी व्हायची, म्हणून मी विणतच राहायचो."

"सांगा की तिला, बाई," लोहारीणकाकू डोळे पुसत म्हणाली.

बाई बोलणार होत्या, पण थांबल्या. "नाही. हे आजोबांनीच सांगायला हवं. या रे सगळे इकडे."

सोनाराची मुलगी सर्वांत आधी उठली आणि बुरडासमोर येऊन बसली. "आजोबा, खिडकी म्हणा." ते त्याला येत होतं. "आता त्याला हे जोडा." ती एकेक तुकडा देत गेली आणि एका ठिकाणी अडली. मांडीला काय म्हणतात, ते तिला आठवेना. लोहारीणकाकूने स्वतःच्या मांडीवर थाप मारून शब्द सांगितला. "घ्या! आमच्या दुकानात हेही होतं!"

बुरूड अडखळत बोलला. पोरीने ऐकून घेतलं, मग त्याची एक चूक अगदी बाईंसारखं बोट उगारून सुधारली. सगळे हसले. त्याने पुन्हा म्हटलं. तेव्हा तिने उशी बाजूला ठेवली आणि त्याच्या मांडीवर डोकं टेकलं.

बाईंनी तिन्ही चटयांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आजोबा, तुम्हाला लहान घास दिला, ते ठीकच होतं. पण तुमचं पान मी वेगळ्या खोलीत मांडलं. या चटया एक करता येतील?"

"न यायला काय झालं?" बुरूड म्हणाला. त्याने कडा सोडवल्या, एकीच्या काड्या दुसरीत गुंफल्या, आणि जेवणाच्या पंगतीला अंथरतात तसं एक लांबलचक बसकर तयार केलं.

त्यानंतरही रोज थोडा वेळ जो तो आपल्याला झेपेल तेवढं शिकत असे. पण गोष्टीला, गाण्याला आणि गप्पांना सगळे त्या एकाच बसकरावर मिसळून बसत. पोरही तिथेच बसून गावची भाषा अडखळत शिकली, आणि तिची चटई कोणती, हे तिला कुणी कधी विचारलं नाही.

म्हणून शिकवणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं: घास ज्याच्या त्याच्या तोंडाएवढा द्यावा, पण पंगत सगळ्यांची एकच असावी.