ठकूच्या घरचा दिवा

शेवरवाडीत वीज कुठून येते असे विचारले, तर तिथला माणूस खांबाकडे बोट दाखवत नाही. तो वर, डोंगराच्या कुशीतल्या एका घराकडे पाहतो. त्या घरात कोणी राहत नाही. भिंती मातीच्या आहेत, छपरावर अलीकडे पत्रे घातले आहेत, दाराला कडी आहे पण कुलूप नाही. आत एक चूल आहे, सारवलेली आणि गार. चुलीच्या वर, आढ्याला एक बल्ब लोंबतो. तो लागल्याशिवाय खाली कोणी बटण दाबत नाही.

वाडीच्या डोक्यावरून मोठमोठ्या मनोऱ्यांच्या तारा जातात. खालच्या खोऱ्यातल्या धरणाची वीज त्यांतून लांबच्या शहरांकडे जाते. हवा दमट असली की तारा गुणगुणताना ऐकू येतात. त्यांतला एक धागाही वाडीत उतरलेला नाही.

"ती परक्याची," वाडीतले म्हातारे जानू झोरे म्हणाले. आम्ही चौघे गडाच्या वाटेवर त्यांच्या अंगणात पाणी प्यायला थांबलो होतो. "आमची वीज धाकूची. दिवा मिणमिणला की आमच्या बाया म्हणत्यात, धाकू दमलाय आज. तुमच्यात काय म्हणत्यात?"

"आम्ही ऑफिसात फोन लावतो," आमच्यातला एकजण म्हणाला.

"उचलत्यात?"

"नाही."

"मग आमचा धाकू बरा," असे म्हणून ते हसले, आणि त्यांनी धाकूची व ठकूची हकिकत सांगितली.

ती फार जुनी आहे. काडेपेटी तेव्हा घाटावर पोचली नव्हती. विस्तव घरोघरी राखेखाली जपून ठेवत. एखाद्या घरचा विझला, तर बाई फुटक्या खापरीत शेणी घेऊन शेजारी जाई आणि निखारा घेऊन येई. पण दिवेलागणीनंतर विस्तव कोणी मागत नसे आणि कोणी देत नसे. त्या वेळी दिलेल्या विस्तवाबरोबर घरचे बरेही निघून जाते, अशी समजूत होती. सुतकाच्या घरचा विस्तव तर दिवसाही चालत नसे.

ठकूचे घर सगळ्यांत वर, ओढ्याच्या काठाला. घरात ती आणि तिचा नवरा धाकू, दोघेच. एका पावसाळ्यात रेडकू ओढ्यात वाहत चालले म्हणून धाकू पाण्यात उतरला. रेडकू खाली कुठेतरी काठाला लागले. धाकू लागला नाही. वाडीने कडेकपारी शोधल्या. त्याची घोंगडी मिळाली, तो मिळाला नाही.

अशा वेळी गवताचा माणूस करतात आणि त्याला अग्नी देतात. पण तो अग्नी मेलेल्याच्या स्वतःच्या चुलीतून मडक्यात न्यावा लागतो. चार माणसे मडके घेऊन ठकूच्या दारात आली. ती चुलीपुढून उठली नाही.

"ह्यो इस्तू त्याची भाकरी भाजायला हाय," ती म्हणाली, "त्याला जाळायला न्हाई."

लोकांनी समजावले. वाडीत गोदा नावाची एक बाई होती, जिभेने फार तिखट. ती म्हणाली, "ठके, तू न्हाई म्हटलीस म्हणून मेलेला उठून येत न्हाई. त्याला वाटंला लाव. न्हाईतर तुझं सुतक फिटायचं न्हाई, आन् आमच्या दारी तुला येता यायचं न्हाई."

"नगं येऊ दे," ठकू म्हणाली.

तसेच झाले. तिच्या घरी विस्तव मागायला कोणी जाईना आणि तिला मागायची सोय राहिली नाही. आपला विस्तव विझला तर कोणी देणार नाही, हे तिला ठाऊक होते. म्हणून ती लांब लाकडाला जाईना, शेताच्या पलीकडे जाईना. रोज सांजेला दार उघडे टाकून चुलीत मोठा जाळ करी, ओढ्यापर्यंत उजेड पडावा म्हणून. अंधारात वाट चुकलेल्याला घर दिसावे, एवढेच तिचे म्हणणे असे. पुढे ते म्हणायलाही समोर कोणी उरले नाही. वाडीतल्या बाया ओढ्यावर पाणी भरत, वर उजेड पाहत, आणि घागर उचलून निघत. किती वर्षे असे गेले, कोणी सांगत नाही. ठकूचे केस पिकले, इतके मात्र सांगतात.

मग एका आषाढात असा पाऊस लागला की दिवस-रात्र कळेना. घाटात अशा पावसात जमिनीतूनच पाण्याचे उपळ फुटतात. त्या साली ते घराघरांत फुटले, आणि पाणी थेट चुलींतून वर आले. एकेक करून वाडीतले सगळे विस्तव विझले. चकमकीचा कापूस भिजून गेला. पलीकडच्या गावाला जावे, तर ओढा दोन्ही काठ सोडून वाहत होता. लोक भिजवलेली नाचणी चावून राहिले. पण गोदाची सून नुकती बाळंत झाली होती. शेक नाही, शेगडी नाही; पोर गार पडत चालले.

वर मात्र ठकूचा उजेड दिसत होता. तिचे घर कातळावर होते, तिथे उपळ फुटला नव्हता. पण जाणार कोण आणि कुठल्या तोंडाने? सगळा दिवस या विचारात गेला. अखेर दिवेलागणीला गोदाच इरले पांघरून निघाली.

ती वळचणीबाहेर पावसात उभी राहिली. आत पाऊल टाकायचे तिला धाडस झाले नाही.

"कोण हाय?" ठकूने विचारले. आधी ती अर्धी उठली होती, असे सांगतात. बाईमाणूस आहे हे दिसल्यावर ती परत बसली.

"मी, गोदा."

"सुतकाच्या दारात वाट चुकलीस का काय?"

"पोर निळं पडलंय, ठके."

"दिवेलागण झालीया."

"ठावं हाय मला."

ठकू चुलीकडे वळली. मग तिने मडके ओढले आणि चुलीतला विस्तव त्यात भरू लागली. निखारे भरले, जळता ओंडका फोडून त्याचे इंगळ भरले.

"अगं, थोडा ठेव की चुलीत," गोदा म्हणाली.

"एवढ्या पावसात अर्धा नेशील, तर वाटंतच मरंल. मागं ठेवलेला ओल्या लाकडावर मरंल. मग तुझंबी न्हाई आन् माझंबी न्हाई." तिने वर राख पसरली, मातीचा परळ वर झाकला आणि मडके गोदाच्या इरल्याखाली दिले. "नीट जा. पाय निसटंल."

पोर जगले. त्या मडक्यातून घराघरांत चुली पेटल्या. वरचे घर मात्र त्या सांजेला प्रथमच काळे दिसले.

सकाळी पाऊस जरा ओसरल्यावर गोदा त्याच मडक्यात विस्तव घेऊन वर गेली. ठकू गार चुलीपुढे बसलेली होती. चुलीतल्या राखेने तिने कपाळावरचे कुंकू पुसले होते. ती म्हणाली, "आणलास? त्याच्याच चुलीचा हाय ह्यो. मग आता गवताचा माणूस करा."

विधी झाला, सुतक फिटले, लोक तिच्याशी बोलू लागले. तिने वाडीकडे एकच गोष्ट मागितली. "माझ्यानं आता इस्तू राखवत न्हाई. सांजचा कोणीतरी आणून देत जा." तेव्हापासून पाळी लागली. दुसरीकडे दिवेलागणीला विस्तव बाहेर काढत नाहीत. शेवरवाडीत तो त्याच वेळी निघू लागला. ज्याची पाळी असेल तो चढून जाई, चुलीत निखारा ठेवी. ठकू फारसे बोलत नसे. दार मात्र ती मरेपर्यंत ओढ्याच्या बाजूने उघडेच राहिले.

ती गेल्यावर लोकांनी पाळी थांबवली. रिकाम्या घरात विस्तव कशाला? त्याच उन्हाळ्यात ओढा आटला. तो कधी आटलेला कोणी पाहिला नव्हता. गोदा तेव्हा फार म्हातारी होती. ती म्हणाली, "उजेड दिसंना म्हणून धाकू वाट चुकला असंल." काठी टेकत ती स्वतः वर गेली, आणि तिने ठकूच्या चुलीत निखारा ठेवला. उजाडताना ओढ्याला पाणी होते म्हणे.

"वळवाचा पाऊस वर कुठंतरी पडला असंल," जानू झोरे म्हणाले. "मला काय ठावं? पण धाकू अजून घराकडं येतोय, म्हणून ओढा आटत न्हाई, असं आमचं म्हातारं सांगायचं. आन् आटत न्हाई, हे तर खरंच."

त्याच ओढ्यावर पुढे वीज झाली. खांब कधी येतील याची वाट पाहून वाडी थकली होती. मग एका संस्थेचा इंजिनिअर आला, त्याने ओढ्याचे पाणी नळातून खाली आणून एक चाक फिरवले. वाडीने त्याला सांगितले, पहिला दिवा ठकूच्या घरी. तो भला माणूस होता. म्हणाला, "रोज वर चढायचा त्रास कशाला? अंधार पडला की आपोआप लागेल असा दिवा बसवून देतो."

एक बाई म्हणाली, "साहेब, दिवा आपोआप लागला तर वर कोण जाईल?"

इंजिनिअरने साधे बटण बसवले.

वाडीत आता माणसे थोडी उरली आहेत. तरणी पोरे शहरांकडे गेली, वरून जाणाऱ्या तारांच्या मागोमाग. कितीतरी घरांना कुलपे आहेत, त्यामुळे पाळी लवकर लवकर येते. त्या दिवशी ती जानू झोऱ्यांची होती. गुडघे धरत ते चढले, आम्ही मागे होतो. दाराची कडी काढून, उंबऱ्याशी थांबून त्यांनी हाक दिली, "काकी, इस्तू आणलाय." मग हात आत घालून बटण दाबले. चुलीवर उजेड पडला आणि उघड्या दारातून ओढ्याच्या पाण्यापर्यंत गेला. ओढा वाहत होता. खाली एक दिवा लागला, मग दुसरा, आणखी थोडे. बाकीची घरे अंधारातच राहिली.

आजही शेवरवाडीत रोज सांजेला कोणी ना कोणी असा वर जातो. 'बस' म्हणायला तिथे कोणी नसते, म्हणून कोणी बसत नाही. पण निघताना 'येतो' असे सगळे सांगतात, आणि आतून 'ये' म्हणायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ उंबऱ्याशी उभे राहतात.