तीन पट्ट्यांचा शिंपला

"पण सर, इतक्या जवळ येऊन ही माणसं माघारी का फिरली?"

डॉ. भार्गव तेंडोलकर हस्तलिखितावर हात ठेवून विचारत होते. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडला जाण्याआधी ज्यांना त्याची चाहूल लागली आणि तरीही जे पुढे गेले नाहीत, अशा अभ्यासकांचा इतिहास त्यांनी अकरा वर्षं खपून लिहिला होता. कॉलेजात त्यांना शिकवलेल्या केळुसकर सरांनी त्याला प्रस्तावना द्यावी, म्हणून ते वेंगुर्ल्याला आले होते. सर ब्याण्णव वर्षांचे. आता उशीर करून चालणार नव्हतं.

ओसरीवर पडल्या पडल्या सरांनी विचारलं, "तू काय लिहिलंयस?"

"डोंगरावर शिंपले सापडले, तर ते म्हणाले प्रलय. एका जातीतले दोन जीव सारखे नसतात हे दिसलं, तर म्हणाले दोष. खरा नमुना एकच, बाकीचे बिघडलेले. भित्रे होते, सर. मी तसं स्पष्ट लिहिलंय."

सर उशीवरून थोडे वर सरकले.

"तुझी शिंपल्यांची पेटी कुठे असते?"

भार्गवराव खुलले. पेटी कॉलेजच्या संग्रहालयात होती. दोनशे शिंपले, एकूण एक चार पट्ट्यांचे, शिंपल्यांवरच्या प्रमाण ग्रंथातल्या वर्णनाबरहुकूम.

"आणि तीन पट्ट्यांचे?"

"ते टाकून दिले. पाचाचेही. तुम्हीच तर..."



सरांची सून चहा ठेवायला आली. दोघे एवढे शिकलेले, निदान त्या शिंपल्यांचं कालवण तरी केलं असतं, असं म्हणून ती आत गेली. कोणी हसलं नाही.

सरांनी उशीखालून तपकिरीची जुनी डबी काढली आणि भार्गवरावांच्या तळहातावर उपडी केली.

एकच शिंपला. तीन पट्टे. कडा हाताळून गुळगुळीत झालेल्या.

"पहिल्या वर्षाला होतास," सर म्हणाले. "हा वेगळा आहे म्हणत किनाऱ्यावरून धावत आलास. मी म्हटलं, फेकून दे. तू फेकलास."

"आणि तुम्ही..."

"तू गेल्यावर उचलला."

"त्याच दिवशी सकाळी वर्गात उत्क्रांतीच शिकवत होतात, सर. मग बोलला का नाहीत?"

"ग्रंथातलं वर्णन माझ्या सरांनी लिहिलेलं होतं."

भार्गवरावांनी शिंपला मुठीत धरला. दुसऱ्या हाताने ते हस्तलिखितातलं ते 'भित्रे' लिहिलेलं पान शोधू लागले. सापडेना.

"राहू दे," सर म्हणाले. "प्रस्तावना मला जमायची नाही... आत, त्या माणसांत मला कुठे जागा असेल तर बघ."