शमशेरची शेळी

घोडे कावळ्यांचा सल्ला घेत असत, त्या काळातली गोष्ट. हिरवळीवरच्या मोठ्या शर्यतीच्या सकाळी जंबू कावळा कुंपणावर बसून घोड्यांची पारख करत होता.

"तांबडीचे गुडघे जाड. पांढऱ्याचा बापच आळशी होता. सगळ्यांच्या आधी पोचणार तो हा काळा शमशेर. फक्त ती शेळी त्याला शोभत नाही."

शमशेर जातीचा बुजरा. झिपरी शेळी तबेल्यात शेजारी असली तरच त्याला झोप लागे. शर्यतीत ती शेवटच्या खांबापाशी उभी राही आणि तो तिच्याकडे धावत सुटे. यंदा हरला तर त्याला टांग्याला जुंपणार होते.

कौतुकाने फुगलेला शमशेर म्हणाला, "झिपरे, आज खांबापाशी येऊ नकोस. चारचौघांत बरं दिसत नाही."

"बरं बाबा," म्हणून शेळी सुरुवातीच्या दोरीपाशीच चरत राहिली.

शर्यत सुटली. अर्ध्या वाटेत शमशेरने खांबाकडे पाहिलं, तर तिथे शेळी नाही. तो गर्रकन वळला आणि दुप्पट वेगाने मागे पळाला.

जाड गुडघ्यांची तांबडी जिंकली. सगळे कावळ्याकडे बघू लागले.

"बघताय काय?" पंख झटकत कावळा म्हणाला. "सगळ्यांच्या आधी पोचेल म्हणालो होतो. पोचला की नाही शेळीपाशी?"