अण्णासाहेबांचे हातमोजे

कोल्हापुरातल्या एका फुटबॉल क्लबचे मालक होते अण्णासाहेब यादगुडे. पाहुण्यांदेखत संघ हरला आणि त्यांनी सगळं खापर दिलावर जमादारवर फोडलं. दिलावर म्हणजे संघाचा जुना बचावपटू. अख्खा हंगाम भिंतीसारखा उभा राहिलेला गडी त्या दिवशी एकदाच घसरला होता.

"त्याला काढा आणि ब्राझीलचा गडी आणा," त्यांनी क्लबच्या व्यवस्थापक सरोजबाईंना फर्मावलं. "तो आला की बॉल गोलापर्यंत पोचणारच नाही!"

"अण्णा, लीगनं संघाच्या एकूण पगाराला मर्यादा घातलीय. करार मधेच मोडला तरी दिलावरचा पगार त्यात धरतात. दोघांचा मिळून बसायचा नाही."

"संध्याकाळपर्यंत बसवा, नाहीतर तुम्ही घरी बसा!"

सरोजबाईंनी वाद घातला नाही. संध्याकाळी नवी यादी घेऊन आल्या. ब्राझीलचा गडी होता, बेरीजही मर्यादेत होती. अण्णासाहेब खुशीत वाचत गेले आणि शेवटच्या ओळीवर थबकले. गोलकीपर: अण्णासाहेब यादगुडे. पगार: शून्य.

"मी? गोलात?"

"गोलकीपरचा करार या महिन्यात संपतोय. नवा करायला मर्यादेत जागाच उरली नाही. फुकट खेळणारं तुमच्याशिवाय कोण आहे?" सरोजबाईंनी पिशवीतून नवेकोरे हातमोजे काढून टेबलावर ठेवले. "आणि काळजी कसली, अण्णा? बॉल गोलापर्यंत पोचणारच नाही, आपणच म्हणालात की!"

अण्णासाहेबांनी हातमोज्यांकडं पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडं.

"दिलावरला निरोप द्या," ते हळूच म्हणाले, "उद्या सरावाला वेळेवर ये म्हणावं."