मागे न पाहण्याचा नेम

"मोह सुटला की नाही, हे माणसाला कळतं कसं, माई?"

विश्वंभरनं विचारलं खरं, पण त्याला उत्तर नको होतं. शाबासकी हवी होती. गडी नमस्कार करून ताठ बसला होता.

गिरजामाई मठाच्या ओसरीवर शेंगा फोडत होत्या. शिष्याकडे न बघताच म्हणाल्या, "कुणाचा सुटला?"

"माझा."

"अगंबाई! आणि कुणावरचा?"

"ढमीवरचा."

माईंचा हात थांबला.

ढमी म्हणजे मठाच्या तळ्यावरचं बदक. पिल्लू असताना कावळ्यांनी टोचून रक्तबंबाळ केलं होतं. विश्वंभरनं ते उपरण्यात गुंडाळलं, उबेला धरलं, तळहातावर भिजवलेल्या कण्या भरवून जगवलं. तेव्हापासून तो पाण्याला निघाला की मागं ढमी, फुलं तोडायला निघाला की मागं ढमी. तो ध्यानाला बसला की ही त्याच्या पायावर चोच टेकून झोपणार. सगळा मठ हसायचा. 'दीक्षा मिळायच्या आधीच विश्वंभरबुवांना शिष्या मिळाली!'

मग कुणीतरी चेष्टेत म्हणालं, 'अशानं पुढच्या जन्मी बदक होशील हो.'

झालं! शहाण्यानं ते मनाला लावून घेतलं आणि नेम धरला. ढमीला हाक मारायची नाही, हात लावायचा नाही, आणि ती मागं आली तरी वळून बघायचं नाही. माई पायांच्या दुखण्यानं बरेच दिवस ओसरी उतरल्या नव्हत्या. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"सुरुवातीला फार जड गेलं, माई. ओरडत मागं यायची. पण मी नेम मोडला नाही. आता तीच येईनाशी झाली. तिचाही पाश तुटला."

"येईनाशी झाली..."

"हो. काठावर एकटीच बसते. बाकीच्या बदकांत मिसळतसुद्धा नाही."

"पाण्यात उतरते?"

"नाही. पाण्याचीही ओढ राहिली नाही तिला. पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून बसते. मी लांबून बघतो. साक्षीभावानं."

"म्हणजे समाधीच लागली म्हण की बदकाला!"

विश्वंभर हसला. त्याला वाटलं, माई खूश झाल्या.

"खाते का?"

"खाते ना. सगळ्यांबरोबर थाळ्यात चोच घालते."

"चोच घालते ते बघितलंस. गिळताना बघितलंस?"

विश्वंभर उपरण्याचं टोक चाळवू लागला.

"अरे, बोल की. गिळते का?"

"...तेवढं नाही बघितलं."

माईंनी सूप बाजूला सारलं. खांबाला धरून उठल्या आणि काठीसुद्धा न घेता तळ्याची वाट धरली. विश्वंभर गोंधळून मागोमाग गेला.

ढमी करंजाच्या झाडाखाली बसली होती. शेपटाखालची पिसं हिरवट घाणीनं चिकटलेली. चोच जराशी उघडी, आणि दर श्वासाला शेपूट खालीवर होत होतं.

"नेम मोड," माई म्हणाल्या. "हात लाव तिला. छातीखाली."

त्यानं हात घातला.

वरून ढमी होती तशीच गुबगुबीत दिसत होती. पिसांच्या आत मात्र मांस हाताला लागेना. लागलं ते मधलं हाड, विळीच्या पात्यासारखं वर आलेलं.

विश्वंभरनं हात झटकन मागं घेतला.

"माई, ही तर... ही नुसती पिसंच उरलीय."

"पाखरू दुखणं दाखवत नाही, बाळा. दुबळं दिसलं की बाकीची टोचायला लागतात. होईल तोवर चारचौघांसारखं वागतं. खाल्ल्याचं नाटकसुद्धा करतं. आपल्याला दिसतं तेव्हा फार उशीर झालेला असतो."

"पण मला वाटलं..."

"तुला काय वाटलं ते ऐकलं मी. जा आता. वेताची पाटी आण, कोरडा पेंढा आण, माझं जुनं लुगडं आण. हिला उबेत ठेवून गुरांच्या डॉक्टरकडं न्यायचं. पळ!"

तो पळाला.

"विश्वंभर!"

पाठीमागून माईंची हाक आली.

"मागं बघ."

तो वळला.

ढमी उठली होती. एक पंख जमिनीला घासत होता. तिनं त्याच्या दिशेनं पाऊल टाकलं, आणखी एक टाकलं, आणि छातीवर आपटली. ओरडायला चोच उघडली, पण आवाज फुटला नाही. पडल्या पडल्या तिची मान तेवढी त्याच्याकडे ताणलेली होती.

"रोज उठत असेल," माई म्हणाल्या.

ओरडणं थांबलं तेव्हा पाश तुटला म्हणून विश्वंभरनं देवाला फूल वाहिलं होतं. तिचा तर आवाज गेला होता!

पाटी आली. लुगड्याची घडी आली. तो घाईघाईनं तिच्या घशात पाणी ओतायला गेला, तेव्हा माईंनी हात धरला.

"ओतू नको, गुदमरेल. चोचीच्या कडेला थेंब लाव. घ्यायचं असेल तर घेईल."

थेंब लावला. तो ओघळून खाली पडला.

तालुक्याच्या गावी डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, नळी लावून ऐकलं. म्हणाले, तार नाहीतर खिळा गिळलेला दिसतोय, चमकलं की बदकं गिळतात. इंजेक्शन दिलं. मग हात पुसत म्हणाले, "गेल्या बाजाराच्या दिवशी आणलं असतंत, तर काही करता आलं असतं. आता नुसती ऊब द्या."

गेल्या बाजाराच्या दिवशी ढमी पहिल्यांदा मागं आली नव्हती. विश्वंभरला तो दिवस चांगला आठवत होता. त्या दिवशी त्यानं मठात साखर वाटली होती.

परतीच्या वाटेवर पाटी मांडीवर घेऊन तो तिला हाका मारत होता. ढमे, ए ढमाबाई, ए माझे बाय... इतके दिवस गिळून ठेवलेल्या सगळ्या हाका. एकदा तिनं डोळा उघडला. चोच त्याच्या मनगटावर टेकली, पूर्वी पायावर टेकायची तशी.

मठाची पायरी चढताना ती मान सैल पडली.

त्यानं करंजाखाली खड्डा खणला. तिला उपरण्यात गुंडाळून ठेवलं, माती लोटली आणि तिथंच कपाळ टेकून ढसाढसा रडला.

"दगड आहे मी, माई! ती मरत होती आणि मी जिंकलो म्हणून मिरवत होतो. मला शिक्षा द्या. उपास सांगा, मौन सांगा, काहीही सांगा..."

माईंचे डोळे भरून आले होते. त्यांनी पाटी उचलली, उपडी केली. पेंढ्याबरोबर दोन पांढरी पिसं खाली पडली.

विश्वंभरनं ती उचलून ओल्या मातीवर ठेवली.

"मग मी उद्यापासून काय करू?" त्यानं विचारलं.

"काय करणार? रोजच्यासारखा पाण्याला जा."

"आणि?"

माई पिसांकडे बघत राहिल्या...

"वाटेत वळून बघ, बाळा. आता हरकत नाही."