पिराजी वेल्डरचे पासष्ट गुण

हिंगणमाळ नावाच्या गावात एक भोळा वेल्डर होता. त्याचं नाव पिराजी सुतार. आडनाव सुतार असून त्यानं लाकडाला कधी हात लावला नव्हता, पण त्यात त्याची काही चूक नव्हती.

अण्णाप्पा मगदूम यांच्या शेडमध्ये उसाच्या ट्रॉल्या बनायच्या. तिथं पिराजी पंधरा वर्षं वेल्डिंग करत होता. त्याचा जोड इतका सरळ यायचा की मगदूम मालक गिऱ्हाइकाला आधी जोड दाखवायचे आणि जमलं तर पिराजीला दाखवायचेच नाहीत. कारण पिराजीला जे सांगाल ते तो करायचा. अगदी तेच करायचा. एकदा मालक म्हणाले, "मी येईपर्यंत ही पट्टी धरून ठेव." आणि विसरून मिरजेला सोयरीक बघायला गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा पिराजी पट्टी धरून उभा होता. सोयरीक जमली का, असंही त्यानं विचारलं.

त्याची बायको शालन अंगणवाडीत सेविका होती. दोघांच्या वाटणीची अक्कल तिलाच मिळाली, असं गाव तिच्या तोंडावर म्हणायचं. पिराजीच्याही तोंडावर म्हणायचं. एक दिवस तिनं पेपरात वाचलं की एका थंड देशाला वेल्डर हवेत. कायमचं राहायला मिळतं. ओळख लागत नाही, वशिला लागत नाही, फक्त गुण मोजतात. शालनला जायचं होतं. मनापासून जायचं होतं. ट्रॉल्यांचं काम वर्षातले सहा महिने चालायचं आणि उरलेले सहा महिने नवरा दारात बसून कोंबड्या मोजायचा. बारा महिने काम असलेला देश तिला बघायचा होता. बर्फही बघायचा होता. तो तिनं आजवर फक्त गोळ्यात बघितला होता. अंगणवाडी सेविका त्या देशाच्या यादीत नव्हती, वेल्डर होता. म्हणून अर्ज पिराजीच्या नावानं करायचा ठरला.

तालुक्याला घाटगे सरांचं परदेशी जाणाऱ्यांसाठी सल्ला केंद्र होतं. सरांनी फळ्यावर आकडे मांडले. वय चाळिशीच्या आत, पंचवीस गुण. आठ वर्षांच्या वर अनुभव, पंधरा. आयटीआयचं प्रमाणपत्र, दहा. इंग्रजीची परीक्षा चांगली दिली तर दहा. बायकोही इंग्रजीत पास झाली तर पाच. बेरीज पासष्ट. लागतात किती? पासष्ट.

"एकही गुण शिल्लक नाही," सर म्हणाले. "आणि चाळिशी लागली की वयाचे दहा गेले. मग बसा ट्रॉल्या जोडत. त्या देशाचं आमंत्रण तुझ्या वाढदिवसाच्या आत आलं पाहिजे."

वाढदिवसाला दहा महिने होते. पिराजीनं घरी आल्या आल्या शालनला सांगितलं की यंदा मला ओवाळू नको, वय वाढतं. शालन बरं म्हणाली. तिला सवय होती.

पहिलं काम अनुभवाच्या पत्राचं. सरांनी सांगितलं, "शेडमध्ये रोज काय काय करतोस ते सगळं मालकाकडून लिहून आण. काही म्हणजे काही सुटता कामा नये."

पिराजीनं अकरा पानी पत्र आणलं. मालकांनी न वाचताच सही केली होती. सरांनी मात्र वाचलं. सकाळी आठला शेडमध्ये येतो. चप्पल काढतो. चपलेत विंचू नाही ना बघतो. चहा पितो. बशी असेल तर बशीतून पितो. मालकीणबाईंचा गॅस आणतो. जेवल्यावर पत्र्याच्या सावलीत अर्धा तास पडतो. मालक आले तर उठतो. मालक गेले तर परत पडतो. वेल्डिंग नवव्या पानावर आलं होतं, तेही दोन ओळी.

सरांनी डोक्याला हात लावला. "अरे पिराजी, त्या साहेबाला तुझ्या झोपेचं काय करायचंय? वेल्डिंगचं सांगायचं. वेल्डिंगशिवाय एक शब्द तोंडातून काढायचा नाही."

"चुकलं सर," पिराजी म्हणाला. "पुढच्या वेळी तसंच करतो."

पुढची वेळ इंग्रजीच्या परीक्षेची होती. नवराबायको दोघं कोल्हापूरला गेले. शालन आत जाऊन हसत बाहेर आली. मग पिराजी आत गेला. समोर एक बाई बसल्या होत्या. त्यांनी इंग्रजीत नाव विचारलं. नाव काही वेल्डिंग नव्हतं. पिराजीनं विचार केला आणि म्हणाला, "वेल्डिंग." बाईंनी विचारलं, तुमचा आवडता सण कोणता? पिराजी म्हणाला, "आर्क वेल्डिंग." बाईंनी विचारलं, घरच्यांबरोबर कुठं फिरायला गेला होता? पिराजी म्हणाला, "गॅस कटिंग." बाईंना त्याची काळजी वाटली. पाणी हवं का, असं त्यांनी विचारलं. पिराजीला तहान लागली होती, पण पाणी हेही वेल्डिंग नव्हतं. तो तहानलेलाच बाहेर आला.

शालनचे पाच गुण आले. पिराजीचे दहा आले नाहीत. घाटगे सर खुर्चीतून उठले आणि परत बसले.

"परीक्षेत बोलत राहायचं असतं रे. विचारलं त्याच्या दहापट सांगायचं. समोरचा थांब म्हणेपर्यंत तोंड मिटायचं नाही."

"चुकलं सर. पुढच्या वेळी तसंच करतो."

आता शालननं कंबर कसली. तीन महिने ती भाकरी थापता थापता त्याला इंग्रजी शिकवत होती. परीक्षेला पाठवताना तिनं सरांचा धडा त्याच्याकडून चार वेळा म्हणून घेतला. या खेपेला बाईंनी विचारलं, तुमचं गाव कसं आहे? पिराजीनं वेशीपासून सुरुवात केली. विहीर झाली, तालीम झाली, मगदुमांची शेड झाली. मगदुमांच्या म्हशीच्या तिसऱ्या वेतापर्यंत पोचला तेव्हा बाईंनी दोन्ही हात वर करून थांबा म्हटलं. दहाच्या दहा गुण मिळाले. सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "शाब्बास, असंच बोलायचं." हे त्यांनी म्हणायला नको होतं.

कारण त्याच आठवड्यात वैद्यकीय तपासणी होती. छातीचा फोटो काढताना डॉक्टर काचेमागून म्हणाले, श्वास रोखून धरा. पिराजी श्वास रोखण्याविषयी बोलायला लागला. त्याच्या आज्याचा श्वास कसा लागायचा, तो पहाटे कसा खोकायचा, सगळं सांगितलं. डॉक्टर काचेमागं होते, त्यामुळं थांब कुणी म्हटलं नाही. फोटोत बरगड्या दुप्पट आल्या. मग डॉक्टरांनी घरात कुणाला काही आजार आहे का विचारलं. पिराजीनं आज्याचा क्षय सांगितला, चुलत्याचा मुतखडा सांगितला, शेजारणीचा गलगंड सांगितला आणि शेवटी म्हशीचं खुरकूत सांगितलं. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं की छातीची पुन्हा कसून तपासणी व्हावी. थुंकीच्या तपासण्यांत दोन महिने गेले. छाती ठणठणीत निघाली, पण वाढदिवस दोन महिन्यांवर आला.

घाटगे सरांचा आवाज आता बारीक झाला होता. "तुला स्वतःला काही आजार आहे का? नाही ना? मग कुणी काही विचारलं की 'काही नाही' म्हणायचं आणि गप्प बसायचं."

"चुकलं सर. पुढच्या वेळी तसंच करतो."

चार दिवसांनी चारित्र्याच्या दाखल्यासाठी हवालदार घरी चौकशीला आले. शालन अंगणवाडीत होती. पिराजी दारात उभा होता.

"पिराजी सुतार कोण?" हवालदारांनी विचारलं.

"काही नाही," पिराजी म्हणाला.

"हे त्याचंच घर ना?"

"काही नाही."

"बरं, तुमचं नाव काय?"

"काही नाही."

हवालदारांना ऊन लागत होतं. त्यांनी लिहून टाकलं की अर्जदार सदर पत्त्यावर आढळून आला नाही. खाली साक्षीदाराची सही हवी होती. त्यांनी कागद पुढं केला. सही करायला बोलावं लागत नव्हतं. पिराजीनं ठळक अक्षरात सही केली, पिराजी सुतार. हवालदारांनी कागदाची घडी घातली आणि निघून गेले.

हा गुंता सोडवायला शालननं ठाण्यात पाच चकरा मारल्या. रेशनकार्ड नेलं, लग्नाचा फोटो नेला, पाचव्या दिवशी खुद्द पिराजीला हाताला धरून नेलं. त्याआधी सरांनी त्याला बजावून ठेवलं होतं की विचारतील त्याला "होय साहेब" म्हणायचं, दुसरं काही नाही. तसं त्यानं म्हटलं आणि दाखला मिळाला. सगळी कागदपत्रं गोळा झाली, पासष्ट गुणांची नोंद गेली आणि वाढदिवसाला वीस दिवस राहिले. आता फक्त आमंत्रणाची वाट बघायची होती. शालन अंगणवाडीत पोरांना बडबडगीत शिकवतानासुद्धा मधेच गप्प व्हायची. गाणं पोरं पुढं नेत.

घाटगे सरांना एवढा मोठा भार उतरल्यासारखं झालं होतं की त्यांनी दोघांना घरी जेवायला बोलावलं. वहिनींनी पुरणपोळ्या केल्या होत्या. शालनला अंगणवाडीच्या बैठकीला जावं लागलं, म्हणून पिराजी एकटाच गेला. वहिनींनी पहिली पोळी वाढली आणि रीतीप्रमाणं विचारलं, आणखी एक वाढू? पिराजी म्हणाला, "होय." पाहुण्याला पुन्हा विचारलं नाही तर बरं दिसत नाही, म्हणून वहिनी विचारत राहिल्या. सरांनी शिकवलं होतं, म्हणून पिराजी होय म्हणत राहिला. मागं हटायला कुणीच तयार नव्हतं. सतरा पोळ्या गेल्या. कटाच्या आमटीचं पातेलं गेलं. दुधावरची साय गेली. शेवटी वहिनींनी उगाच म्हणायचं म्हणून म्हटलं की उरलंसुरलं घरी नेणार का. पिराजी होय म्हणाला आणि डबा भरून घेऊन गेला. त्या दिवशी घाटगे सरांनी पोहे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सरांनी त्याला मुद्दाम बोलावून घेतलं.

"पिराजी, कुणी काही द्यायला लागलं की लगेच होय म्हणायचं नसतं. हावरटपणा दिसतो. आधी 'नको' म्हणायचं. परत आग्रह केला तरी 'नको'च म्हणायचं. तिसऱ्यांदा आग्रह झाला, की मग जरा संकोचून 'बरं, एवढं म्हणताय तर' म्हणून घ्यायचं. सभ्य माणसाची ही रीत असते."

पिराजीला हा धडा फार आवडला. आजवरच्या सगळ्या धड्यांत हाच त्याला नीट कळला. शेडमध्ये मालकांनी चहा पुढं केला तेव्हा तो दोनदा नको म्हणाला आणि तिसऱ्यांदा संकोचून प्याला. मालकांनी कौतुक केलं. पिराजीला वाटलं, आता आपण सुधारलो.

वाढदिवसाला दोन दिवस उरले असताना भर दुपारी शेडमध्ये पिराजीचा फोन वाजला. त्या देशाची मेल आली होती. पिराजीनं हातातला चिमटा खाली ठेवला, हात धुतले, डोक्यावरची टोपी नीट केली आणि मेल उघडली. इंग्रजी आता त्याला वाचता येत होतं. आम्ही आपल्याला आमच्या देशात कायमचं राहण्यासाठी अर्ज करायचं आमंत्रण देत आहोत, असं लिहिलं होतं. खाली दोन बटणं होती. एकावर लिहिलं होतं, स्वीकारतो. दुसऱ्यावर लिहिलं होतं, नको.

पिराजीचा ऊर भरून आला. एवढा मोठा देश आपल्याला काहीतरी द्यायला लागला होता. कुणाला विचारायची गरज नव्हती. त्यानं सभ्यपणे "नको" दाबलं.

लगेच दुसरी चौकट आली. आपण नक्की नको म्हणत आहात का? कृपया पुन्हा विचार करावा.

पिराजी मनात म्हणाला, किती चांगली माणसं आहेत, आग्रह करतायत. त्यानं परत "नको" दाबलं.

फोनवर तिसरी ओळ आली. आपला नकार नोंदवला आहे. धन्यवाद.

थोड्या वेळानं शालन धापा टाकत आली. घाटगे सरांनी तिला फोन केला होता, मेल आली असेल तर बघा म्हणून. पिराजी एका नव्या ट्रॉलीच्या कडेवर टोपी सारखी करून बसला होता. फोन समोर ठेवला होता. तिनं फोन उचलला, वरपासून खालपर्यंत वाचलं, आणि पुन्हा वाचलं. ती तिथंच जमिनीवर बसली आणि रडायला लागली. दहा महिने तिनं एकदाही डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं.

पिराजीला वाईट वाटलं. तो उठून तिच्याजवळ बसला.

"अगं शालन, रडतेस कशाला? दोनदा आग्रह झालाय, आता एकच उरलाय. एवढा मोठा देश हाय, दोनदा विचारून गप्प बसतोय व्हय? तू घरी जाऊन सामान बांधायला लाग. मी हितंच बसतो. तिसऱ्यांदा विचारलं की जरा लाजतो, आणि होय म्हणून टाकतो."